मांजरासाठी माशाचं तेल : कॅप्सूल नका मोजू, मिलिग्रॅम मोजा

या वेळच्या टपालात माशाच्या तेलाबद्दलची पत्रं इतकी होती की सदर पूर्ण त्यांनाच दिलं आहे. बहुतेक पत्रांत घोळ एकच दिसतो : तेलाचं वजन म्हणजेच औषधाची मात्रा, असं धरून चालणं. म्हणून पहिलं उत्तर जरा लांबलं आहे. ते नीट वाचलंत तर पुढचे बरेच हिशेब तुमचे तुम्हालाच जमतील.

प्रश्न : माझ्या मांजरीचं वजन ४.२ किलो आहे. पाठीवर कोंडा पडतो, केस रुक्ष झालेत. डॉक्टरांनी माशाचं तेल सुरू करा म्हणून सांगितलं, पण माणसांच्या कॅप्सूलवर '१००० मिलिग्रॅम' लिहिलंय. एवढं तिला झेपेल का? नेमकं किती द्यायचं?

ते १००० मिलिग्रॅम म्हणजे कॅप्सूलमधल्या सगळ्या तेलाचं वजन. त्यातलं कामाचं असतं ते ईपीए आणि डीएचए, ही दोन ओमेगा-३ स्निग्धाम्लं. साध्या कॅप्सूलमध्ये साधारण १८० मिलिग्रॅम ईपीए आणि १२० मिलिग्रॅम डीएचए असतं, म्हणजे मिळून ३००. उरलेले ७०० मिलिग्रॅम ही इतर चरबी. ती पोटात जाते, कॅलरी देते, पण तुम्ही ज्यासाठी तेल देताय त्या कामात तिचा वाटा नाही. तेव्हा डबा उलटा करून मागचा बारीक मजकूर वाचा आणि हे दोन आकडे शोधा. नुसतं 'ओमेगा-३ समृद्ध' लिहिलेलं आणि हे आकडे न छापलेलं उत्पादन घेऊ नका. त्यावरून कुठलाच हिशेब करता येत नाही.

वाचताना आणखी एक गोष्ट पाहा. काही डब्यांवरचे आकडे एका कॅप्सूलचे नसतात, 'एका वेळच्या मात्रेचे' असतात आणि ती मात्रा दोन कॅप्सूलची असते. ही ओळ नजरेतून सुटली की आकडा सरळ दुपटीनं चुकतो.

आता मात्रा. हृदयविकारानं खंगत चाललेल्या मांजरांसाठी आणि कुत्र्यांसाठी पशुआहारतज्ज्ञ जी मात्रा वापरतात, ती दिवसाला दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम ईपीए आणि २५ मिलिग्रॅम डीएचए अशी आहे. बेरीज ६५. साध्या कॅप्सूलमध्येही ईपीए आणि डीएचएचं प्रमाण जवळपास याच पट्टीत बसतं, म्हणून 'साडेचार किलोला एक साधी कॅप्सूल' हा ढोबळ नियम रूढ झाला. पण तो साध्या कॅप्सूलपुरताच खरा आहे, हे विसरलं की गडबड होते. शिवाय नुसत्या रुक्ष केसांसाठी आजारपणातल्या मात्रेपासून सुरुवात करायचं कारण नाही. किलोला ३० मिलिग्रॅम हे आमच्या मते पहिलं मुक्कामाचं ठिकाण. तिथं बारा आठवडे थांबून फरक पडला नाही, तर डॉक्टरांशी बोलून ६५ पर्यंत जाता येतं.

तुमच्या मांजरीसाठी : ४.२ गुणिले ३० म्हणजे १२६ मिलिग्रॅम. साध्या कॅप्सूलमध्ये ३०० असतात, तेव्हा १२६ भागिले ३०० म्हणजे ०.४२ कॅप्सूल. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एका मिलिलिटरचं वजन ०.९२ ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणून हजार मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये साधारण १.१ मिलिलिटर तेल निघतं आणि तुमची मात्रा होते ०.४५ मिलिलिटर. तुमच्याकडची कॅप्सूल तीव्र असेल, म्हणजे ३६० ईपीए आणि २४० डीएचए असं मिळून ६०० असेल, तर तेवढ्याच १२६ मिलिग्रॅमसाठी कॅप्सूलचा पाचवा हिस्सा पुरतो. दोन्ही डब्यांवर पुढच्या बाजूला १००० मिलिग्रॅमच छापलेलं असतं, लक्षात घ्या.

बाटलीतलं तेल असेल तर आधी एका मिलिलिटरमध्ये किती, ते काढा. ५ मिलिलिटरमध्ये ८०० ईपीए आणि ५०० डीएचए लिहिलं असेल तर एकूण १३००, म्हणजे मिलिलिटरला २६०. १२६ भागिले २६० केलं की जवळपास अर्धा मिलिलिटर येतो. लेबलवर फक्त टक्के असतील, समजा ईपीए १८ टक्के आणि डीएचए १२ टक्के, तर ०.९२ ग्रॅमचे ३० टक्के घ्यायचे : मिलिलिटरला २७६.

पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा देऊ नका. पहिला आठवडा पाव, म्हणजे ०.१ मिलिलिटरच्या थोडं वर. दुसरा आठवडा अर्धी. तिसऱ्या आठवड्यापासून पूर्ण. शी पातळ झाली किंवा उलटी झाली तर मागच्या पायरीवर जाऊन आणखी आठवडाभर थांबा. एकदम चरबी वाढली की ती आतड्यात पूर्ण पचत नाही आणि जुलाब होतात. बऱ्याच घरांत 'आमच्या मांजराला सोसत नाही' म्हणून तेल बंद होतं, तिथं दोष तेलाचा नसून या घाईचा असतो.

प्रश्न : अर्धी कॅप्सूल द्यायची म्हणजे करायचं कसं? थेंब मोजले तर चालेल?

थेंब मोजू नका. 'वीस थेंबांचा एक मिलिलिटर' हा ठोकताळा पाण्यासाठीचा आहे. तेलाचा पृष्ठताण कमी असल्यानं त्याचे थेंब लहान पडतात, शिवाय ड्रॉपरचं तोंड आणि तेलाची थंडी-ऊब यांनुसार ते बदलतात. फ्रिजमधून काढलेल्या तेलाचा थेंब आणि तासभर बाहेर राहिलेल्या तेलाचा थेंब सारखा नसतो.

औषधाच्या दुकानात मिळणारी, सुई नसलेली १ मिलिलिटरची सिरिंज आणा. कॅप्सूल एका छोट्या वाटीत धरून टोकाला स्वच्छ सुईनं भोक पाडा आणि हलकेच पिळा. जोरात दाबली तर तेल अंगावर उडतं. सगळं तेल वाटीत उतरलं की हवं तेवढं सिरिंजमध्ये ओढा. तेल दाट असल्यानं सावकाश ओढा, नाही तर बुडबुडे येतात आणि माप खोटं निघतं. बुडबुडा दिसलाच तर टोक वर करून टिचकी मारा, हवा बाहेर ढकला, मग मोजा.

इन्सुलिनची सिरिंज वापरणार असाल तर एक सावधगिरी. तिच्यावरचे आकडे 'युनिट'चे असतात, मिलिलिटरचे नसतात. यू-४० सिरिंजवर ४० म्हणजे एक मिलिलिटर, यू-१०० वर ४० म्हणजे फक्त ०.४ मिलिलिटर. दोन प्रकारांत अडीच पटीचा फरक आहे. मिलिलिटरच्या खुणा असलेलीच घ्या, डोक्याला ताप राहत नाही. तेलामुळे दट्ट्याचं रबर फुगून सिरिंज अडकायला लागते आणि छापलेल्या खुणाही पुसट होतात, म्हणून ती दर एक-दोन आठवड्यांनी बदला.

उरलेलं अर्धं तेल झाकणाच्या छोट्या डबीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. त्यापुढे नको. दुसरा मार्गही आहे : दिवसाआड पूर्ण कॅप्सूल. ही स्निग्धाम्लं पेशींच्या आवरणात आठवड्यांच्या हिशेबानं जमत जातात, त्यामुळे महत्त्व सरासरीला असतं. पोट नाजूक असेल तर मात्र रोज थोडं दिलेलंच बरं. एखाद्या दिवशी द्यायचं राहिलं तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका.

प्रश्न : रोज एक चमचा दिला तर?

नको. साध्या तेलाचा ५ मिलिलिटरचा चमचा म्हणजे ४.६ ग्रॅम तेल, सुमारे १३८० मिलिग्रॅम ईपीए-डीएचए. चार किलोच्या मांजराला ते किलोमागे ३४५ होतं, म्हणजे हृदयरोगी मांजराच्या मात्रेच्याही पाचपट. वर ४१ किलोकॅलरी. त्याची दिवसाची एकूण गरज २०० च्या आसपास असते, तिचा पाचवा हिस्सा नुसत्या तेलानं भरला. आणि स्वयंपाकघरातला चमचा ५ मिलिलिटरचाच असेल याची खात्री कुणी द्यावी?

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं २००६ साली कुत्र्यांसाठी ईपीए-डीएचएची सुरक्षित वरची मर्यादा ठरवली. मांजरांसाठी तशी मर्यादा ठरवलेली नाही. मर्यादा नाही याचा अर्थ कितीही चालतं असा नव्हे, ती ठरवण्याइतकी माहिती हाताशी नव्हती एवढाच. कुत्र्याचा तक्ता घेऊन त्यात मांजराचं वजन बसवण्याची पद्धत बरीच दिसते. ती सोडा.

प्रश्न : आमचा बोका १३ वर्षांचा, वजन ६.५ किलो. सांधे दुखतात म्हणून सांध्यांचं खास कोरडं खाणं सुरू आहे. वर माशाचं तेल द्यायचं का, आणि किती?

आधी त्याच्या खाण्यात किती आहे ते मोजा. सांध्यांसाठीच्या आणि मूत्रपिंडासाठीच्या आहारांत ईपीए-डीएचए बहुधा घातलेलंच असतं, कधीकधी चांगल्यापैकी. पिशवीवर 'ओमेगा-३' म्हणून एकच आकडा असेल तर तो उपयोगाचा नाही, कारण त्यात जवस वगैरेंतून येणारं एएलए हे वनस्पतींतलं ओमेगा-३ही धरलेलं असतं. कंपनीच्या ग्राहक-क्रमांकावर फोन करून ईपीए आणि डीएचए वेगळं विचारा. चांगल्या कंपन्या सांगतात.

समजा उत्तर आलं, ईपीए-डीएचए मिळून ०.४ टक्के, आणि बोका दिवसाला ५० ग्रॅम खातो. ५० ग्रॅमचे ०.४ टक्के म्हणजे २०० मिलिग्रॅम. हे त्याला आजच मिळतंय.

आता लक्ष्य. हिशेब ६.५ किलोवर करू नका. बोक्याचं योग्य वजन ५ किलो असेल तर ५ वरच करा. वाढलेल्या चरबीसाठी औषध वाढवायचं नसतं. इथं नुसते रुक्ष केस नाहीत, सांधेदुखी आहे, म्हणून किलोला ६५ धरू : ५ गुणिले ६५ म्हणजे ३२५. त्यातून २०० वजा केले की उरतात १२५. साध्या कॅप्सूलचे जेमतेम ०.४२, म्हणजे ०.४५ मिलिलिटर. खाणं न मोजता पूर्ण कॅप्सूल दिली असती तर मिळून ५०० झालं असतं.

ओल्या खाण्याचा हिशेब करताना लोक उगाच गोंधळतात. पाकिटावर टक्के आहेत तसे घ्या आणि पाकिटाचं वजनही आहे तसंच घ्या. ८५ ग्रॅमच्या पाऊचमध्ये ०.१ टक्का म्हणजे ८५ मिलिग्रॅम. पाणी वजा करून 'शुष्कांश' काढायची गरज दोन वेगळ्या खाण्यांची तुलना करताना पडते. एकाच पाकिटातून पोटात किती गेलं, हे मोजताना नाही.

या बोक्याच्या बाबतीत तेलापेक्षाही वजनाकडे लक्ष द्या. १२ वर्षांवरच्या बहुतेक मांजरांच्या एक्स-रेत सांध्यांची झीज दिसते, पण ती लंगडत नाहीत. उडी मारायचं टाळतात, कंबरेजवळचे केस चाटायचं सोडतात, तिथं गुंता होतो. दीड किलो जादा वजन तेच सांधे वाहतात. तेलाचा उपयोग होतो, सांधे दुखणाऱ्या मांजरांची हालचाल त्यानं सुधारल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. पण एक ग्रॅम तेल म्हणजे ९ किलोकॅलरी. रोजच्या एका कॅप्सूलच्या वर्षाला जवळपास ३३०० होतात आणि कागदावरच्या हिशेबानं त्याची चारशे ग्रॅमच्या वर चरबी होते. म्हणून दर ग्रॅम तेलामागे अडीच ग्रॅम कोरडं खाणं कमी करा. काट्यावर मोजून.

प्रश्न : घरात मासळी चालत नाही. जवसाचं तेल दिलं तर तेच काम होईल ना?

होणार नाही. जवसात एएलए असतं. त्याचं ईपीए आणि डीएचए करणारं विकर मांजराच्या शरीरात फार मंद चालतं. माणसातही हा बदल थोडाच होतो, मांजरात तर नगण्य. याच कारणानं त्यांना ॲराकिडोनिक आम्ल हे दुसरं स्निग्धाम्लही प्राण्यांच्या चरबीतून आयतं घ्यावं लागतं. जवसाच्या तेलानं केसांना थोडी चकाकी येईल, कारण कुठल्याही चरबीनं ती येते. सूज, सांधे, मूत्रपिंड यांसाठी त्याचा भरवसा धरू नका.

मासळी नको असेल तर शैवालाचं तेल घ्या. माशांत डीएचए येतं ते मुळात सूक्ष्म शैवालातूनच. काही शैवाल-तेलांत फक्त डीएचए असतं आणि ईपीए जवळजवळ नसतं. सूज आणि सांध्यांसाठी ईपीए हवं, तेव्हा दोन्ही आकडे छापलेलं निवडा आणि वरच्याच पद्धतीनं मिलिग्रॅम काढा.

प्रश्न : घरात कॉड लिव्हर ऑइलची बाटली पडून आहे. तीच वापरू का?

वापरू नका. हे माशाच्या मांसातलं तेल नाही, यकृतातलं आहे, आणि त्यात अ आणि ड जीवनसत्त्वं भरपूर असतात : ५ मिलिलिटरमध्ये साधारण ४५०० युनिट अ आणि ४५० युनिट ड. ही दोन्ही चरबीत विरघळणारी, लघवीवाटे निघून जात नाहीत, शरीरात साठतात. मांजर गाजरासारख्या पदार्थांतल्या कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनवू शकत नाही. ते त्याला आयतं लागतं, म्हणून तयार खाण्यात ते आधीच घातलेलं असतं. त्यावर कॉडचं तेल, त्यावर आवडते म्हणून कलेजी, असं महिनोन्‌महिने चाललं की मानेच्या मणक्यांवर हाडाची जादा वाढ होते. मान आखडते, खाली वाकून खाता येत नाही, अंग चाटणं बंद होतं. सांधे मोकळे व्हावेत म्हणून दिलेल्या तेलानं मणके कायमचे जखडू शकतात. झालेली वाढ मागे फिरत नाही.

काही दिवस दिलं असेल तर घाबरू नका, फक्त थांबवा. काही महिने दिलं असेल आणि मान ताठ वाटत असेल तर डॉक्टरांना तेलाची बाटली दाखवा आणि मानेचा एक्स-रे काढून घ्या.

प्रश्न : आमची मांजरी तेल लावलेलं खाणं हुंगून निघून जाते. सिरिंजनं तोंडात सोडलं तर?

पिचकारीसारखं कधीच सोडू नका. पाणी श्वासनलिकेत गेलं तर लगेच ठसका लागतो. तेलाला तसा ठसका लागत नाही, ते बोचत नाही. ते गुपचूप फुप्फुसात उतरतं आणि तिथं न्युमोनिया होतो. तो प्रतिजैविकांनी बरा होत नाही, कारण तिथं जंतू नसून तेल असतं. धडपडणारं मांजर, वर धरलेली मान आणि तोंडात तेल, ही तिन्ही एकत्र येऊ देऊ नका.

खाण्यातच मिसळा. आधी आवडत्या ओल्या खाण्याच्या एका छोट्या घासात, सिरिंजनं ०.०५ मिलिलिटर. तीन-चार दिवसांनी दुप्पट. फ्रिजमधलं खाणं खोलीच्या तापमानाला आणून मग मिसळा, वास खुलला की मांजरं खातात. काही मांजरं तेल पंजाला लावलं तर चाटून घेतात. अंदाजापेक्षा जास्त मांजरांवर हा उपाय चालतो, मात्र मात्रा गालिच्यावर पुसली जाऊ शकते. पुदिना किंवा लिंबू-संत्र्याच्या स्वादाची माणसांची तेलं टाळा. वनस्पतींची असली सुगंधी तेलं पचवून बाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता कमी असते. गोडी लावलेल्या चघळायच्या गोळ्याही नकोत.

आणि तरीही खाल्लं नाही, तर तेल सोडा, खाणं सोडू देऊ नका. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याचं यकृत चरबीनं भरून जाऊ शकतं. तेलासाठी तो धोका घ्यायचा नाही.

प्रश्न : 'ई' जीवनसत्त्व जोडीला द्यावंच लागतं असं ऐकलं. खरं?

तयार, संतुलित खाणं खाणाऱ्या आणि माफक तेल घेणाऱ्या मांजराला बहुतेक वेळा वेगळं लागत नाही. घरी शिजवलेलं खाणाऱ्या, विशेषतः भरपूर मासळी खाणाऱ्या मांजराला लागतं.

कारण असं. ईपीए-डीएचए हवेतल्या ऑक्सिजननं चटकन खराब होतात, शरीराच्या आतही. त्यांना सांभाळण्यात 'ई' खर्ची पडतं. 'ई' कमी आणि माशाची चरबी जास्त असं बराच काळ राहिलं की त्वचेखालची आणि पोटातली चरबी सुजते, पिवळट होते. मांजराला ताप येतो, पाठीवरून हात फिरवला तरी ते कळवळतं, उडी मारत नाही, त्वचेखाली गाठी लागतात. अमेरिकेत पशुखाद्याची मानकं ठरवणाऱ्या आफ्को संस्थेच्या मानकांत म्हणूनच असं म्हटलंय की किलोभर खाण्यात जितके ग्रॅम माशाचं तेल, तितके गुणिले १० युनिट 'ई' किमान गरजेवर वाढवावं. घरगुती भाषेत : दर ग्रॅम तेलामागे १० युनिट. रोज एक ग्रॅम तेल घेणाऱ्याला माणसांची ४०० युनिटची कॅप्सूल या हिशेबानं ४० दिवसांचा साठा होतो. ती रोजची गोळी नाही.

प्रश्न : २०० मिलिलिटरची मोठी बाटली स्वस्त पडते. घेऊ का?

रोज अर्धा मिलिलिटर लागणार असेल तर २०० मिलिलिटर ४०० दिवस पुरतील. उघडलेलं तेल फ्रिजमध्ये ठेवूनही दोन-तीन महिन्यांच्या पुढे भरवशाचं राहत नाही. म्हणजे चारातले तीन भाग तुम्ही एक तर फेकणार, नाही तर खवट झालेलं मांजराला देणार. एका मांजरासाठी कॅप्सूलच बऱ्या, कारण प्रत्येकीचं तेल उघडेपर्यंत हवेपासून बंद असतं. दोन-तीन मांजरं असतील तरच छोटी बाटली घ्या, गडद काचेची.

खवटपणा नाकानं कळतो. ताज्या तेलाला माशाचा सौम्य वास असतो. जुन्या रंगासारखा, कुबट, घशाला लागणारा वास आला की संपलं. मात्र स्वाद घातलेल्या तेलात हा वास लपतो. नव्या डब्यातली पहिली कॅप्सूल फोडून हुंगायची सवय ठेवा. कंपनी तपासणीचा अहवाल देत असेल तर त्यात तेल किती खवट झालंय ते सांगणारे दोन आकडे पाहा : पेरॉक्साइड मूल्य ५ च्या आत आणि 'टोटॉक्स' २६ च्या आत हवं. फ्रिजमध्ये तेल गढूळ झालं तर तो बिघाड नव्हे, थंडीत काही चरबी गोठते एवढंच. बाहेर काढल्यावर ते परत पारदर्शक होतं.

प्रश्न : माझ्या मांजरीला हृदयाच्या आजारासाठी क्लोपिडोग्रेल हे रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध चालू आहे, आणि पुढच्या महिन्यात दात काढायचेत. तेल चालू ठेवू?

डॉक्टरांना आजच सांगा, आदल्या दिवशी नाही. माशाच्या तेलानं रक्तातल्या प्लेटलेटची चिकटण्याची शक्ती काही अंशी कमी होऊ शकते आणि क्लोपिडोग्रेलचं कामही तेच आहे. माफक मात्रेत बहुधा अडचण येत नाही, पण दोन्हींचा मिळून विचार शस्त्रक्रिया करणाऱ्यानं करायला हवा. शेवटच्या दिवशी तेल बंद करून उपयोग नाही, पेशींत बसलेलं ईपीए निघायला आठवडे लागतात. मधुमेह असलेल्या किंवा पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्या मांजरातही विचारल्याशिवाय सुरू करू नका.

प्रश्न : तीन महिन्यांच्या पिलाला द्यावं का? मेंदूसाठी चांगलं म्हणतात.

डीएचए मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला लागतं, हे खरं. म्हणूनच पिलांच्या आणि गाभण मांजरीच्या संतुलित खाण्यात ते घातलेलंच असतं. वरून देऊ नका. इतक्या छोट्या जिवात मात्रा चुकायला एक-दोन थेंब पुरतात.

प्रश्न : महिना झाला, काहीच फरक नाही. मात्रा वाढवू?

थांबा. त्वचेवर परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, कारण नवे केस आणि नवी त्वचा वर यावी लागते. तोवर दुसरी कारणं तपासा. बारीक दातांच्या फणीनं शेपटीच्या मुळाशी विंचरा आणि निघालेला काळा चुरा ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे आणि तुम्हाला औषध हवंय ते पिसवांचं. कोंडा फक्त कंबरेपाशी असेल आणि मांजर लठ्ठ असेल तर तिथं त्याची जीभच पोचत नाही. अशा वेळी रोज दोन मिनिटं ब्रश करा आणि वजन उतरवा. गोल चट्टे, खपल्या किंवा सतत खाज असेल तर बुरशीची तपासणी करून घ्या. हे सगळं स्वच्छ निघालं आणि बारा आठवडे पूर्ण मात्रेनं झाले, तरच ३० वरून ६५ कडे जा, तेही आठवड्याला १० मिलिग्रॅमच्या पायऱ्यांनी. ६५ वर आणखी तीन महिने जाऊनही काही झालं नाही तर तेल बंद करा.